नाही म्हणण्याची ऐपत

नोव्हेंबर १९५३ मध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनीनं आपल्या सगळ्या कामगारांना नोटीस दिली: ३१ डिसेंबरला तुमची नोकरी संपेल. गँगमन, फायरमन, स्टेशनमास्तर, कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमधले फिटर, कुणीच सुटलं नाही. १८९५ साली विलायतेत नोंदलेल्या या कंपनीनं १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी अशी अडीच फुटी रुळांची गाडी सुरू केली होती. पुढे ती एका अंगानं पंढरपूरवरून मिरजेला आणि दुसऱ्या अंगानं लातूरला पोचली. बारा महिने आधी कळवून सरकार ही रेल्वे विकत घेऊ शकेल, अशी अट मूळ करारातच होती. सरकारनं तसं कळवलं आणि १ जानेवारी १९५४ पासून गाडी सरकारची झाली. ज्यांना यायचं असेल त्यांना सरकार कामावर घेईल असंही नोटिशीत होतं, आणि बहुतेकांना घेतलंही.

मग भांडण कशाचं? नोटीस निघण्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी, २४ ऑक्टोबर १९५३ पासून, औद्योगिक विवाद कायद्यात एक नवं कलम लागू झालं होतं. कामगार कपात करायची तर नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यायचा. वीस वर्षं गाडीत कोळसा ओढलेल्या माणसाला म्हणजे तीनशे दिवसांचा, जवळजवळ दहा महिन्यांचा पगार. कामगारांनी तो मागितला. कंपनी म्हणाली, ही कपात नाहीच, आम्ही धंदाच सोडतो आहोत. मुंबई उच्च न्यायालयानं कामगारांच्या बाजूनं कौल दिला. सर्वोच्च न्यायालयानं २७ नोव्हेंबर १९५६ रोजी तो फिरवला. चालू धंद्यातले जादा कामगार काढणं म्हणजे कपात. धंदा खरोखर बंद झाला किंवा दुसऱ्याच्या हाती गेला आणि सगळेच मोकळे झाले, तर ती कपात नव्हे, असा तो निकाल होता. बडोद्याच्या दिनेश मिलचं प्रकरणही याच निकालात होतं. कामगार कायदा शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा निकाल आजही वाचावा लागतो, पण त्यातली ‘बार्शी’ नकाशावर कुठं आहे हे किती जणांना ठाऊक असेल, देव जाणे.

निकालानं देशभर खळबळ उडाली. कारखाना बंद केला की भरपाई बुडवता येते, असा त्याचा सरळ अर्थ होत होता. एप्रिल १९५७ मध्ये वटहुकूम निघाला, पाठोपाठ कायदा दुरुस्त झाला, आणि धंदा हस्तांतरित झाला किंवा बंद पडला तरी कामगाराला काय मिळायला हवं याची दोन वेगळी कलमं आली. ही दुरुस्ती मागच्या तारखेनं लागू केली गेली, पण २८ नोव्हेंबर १९५६ पासून. म्हणजे ज्यांच्या खटल्यातून हा कायदा जन्मला, त्या बार्शी लाईटवाल्यांच्या हाती त्यातलं काही आलं नाही.

मजुरी, रोजगार आणि बेकारी यांचं गणित समजून घ्यायला मला हा खटला पाठ्यपुस्तकातल्या आलेखापेक्षा बरा वाटतो. आलेखात दोन रेघा असतात. मजुरी वाढली की काम करू इच्छिणारे वाढतात, ही एक रेघ. मजुरी वाढली की माणसं ठेवणारे हात आखडतात, ही दुसरी. जिथं त्या एकमेकींना छेदतात तिथं मजुरी ठरते आणि किती जणांना काम मिळणार तेही ठरतं. हे खोटं नाही. पण या चित्रात नोटीस हाती पडलेला माणूस दिसत नाही. बार्शीच्या मार्केट यार्डात भाव पडला तर तूर गोदामात ठेवून पुढच्या महिन्याची वाट पाहता येते. मजुराचा आजचा दिवस असा थप्पीला लावून ठेवता येत नाही; संध्याकाळपर्यंत विकला गेला नाही तर तो गेला. म्हणून मजुरीच्या प्रत्येक सौद्यात मला एकच गोष्ट पाहावीशी वाटते: या घडीला ‘नाही, या दरानं जमत नाही’ असं म्हणायची ऐपत कुणाला आहे, आणि ती त्याला कुठून आली? पंधरा दिवसांच्या भरपाईचं कलम म्हणजे अशी ऐपत कायद्यानं थोडी थोडी साठवून ठेवायची सोय होती.

बार्शी तालुक्याचं शिवार या दृष्टीनं पाहण्यासारखं आहे. इथं पूर्वी राज्य रब्बी ज्वारीचं. अलीकडच्या वर्षांत खरिपात सोयाबीन पसरलं आणि मजुरीचं कॅलेंडरच बदललं. ज्वारीची काढणी सावकाश चालते. उन्हाळा तोंडावर असतो, पावसाची धास्ती कमी. सोयाबीन मात्र सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर एवढ्याच दिवसांत उभ्या गावात एकदम कापणीला येतं आणि नेमका परतीचा पाऊस डोक्यावर असतो. चार दिवस उशीर झाला तर शेंगा तडकतात, भिजल्या तर दाण्याला कोंब फुटतो. त्या पंधरवड्यात ‘नाही’ म्हणायची सोय शेतकऱ्याला उरत नाही. रोजावर माणूस मिळत नाही. टोळ्या उक्तं घेतात, एकरी दर सांगतात आणि तो पटला नाही तर पुढच्या बांधावर जातात. त्याच बाया, तेच विळे, तोच बांध. उन्हाळ्याच्या तोंडाला हे चित्र उलटं होतं आणि शेतकरी म्हणतो, सध्या काही काम नाही, बघू.

शेतकरी तरी किती देणार, याला मर्यादा आहे. मजुराला असलेली मागणी ही पिकाच्या मागणीची सावली असते. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात माल त्याच्या बराच खाली विकला जात होता. क्विंटलमागे पाच-सातशे रुपये कमी हाती येणार असतील तर कापणीचा चढा दर थेट नफ्याच्या मुळावर येतो. मग माणूस हार्वेस्टर शोधतो, घरच्या पोरांना शाळा बुडवून रानात आणतो, किंवा पुढच्या वर्षी पीकच बदलतो. पिकाला भाव मिळेना म्हणून शेतकरी रडतो आणि मजूर परवडेना म्हणूनही रडतो, यात ढोंग नाही. एकाच हिशेबाची ती दोन पानं आहेत. आपल्याकडे या हिशेबाचं पहिलं पान वर्तमानपत्रात येतं आणि दुसरं फक्त पारावर बोललं जातं.

एक गोष्ट मात्र दोन रेघांच्या आलेखाला काही केल्या पटत नाही. दुष्काळ पडला, काम घटलं, तर मजुरी उतरायला हवी. ती सहसा उतरत नाही. अर्थशास्त्रज्ञ सुप्रीत कौर यांनी भारतातल्या सहाशेच्या आसपास जिल्ह्यांची १९५६ ते २००९ या काळातली शेतमजुरी आणि पाऊस ताडून पाहिला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की चांगल्या पावसात रोज वाढतो, पण पुढच्या वर्षी पाऊस बेताचा झाला तरी तो खाली येत नाही. तो तिथंच थांबतो आणि कामाचे दिवस कमी होतात. महागाईनं त्याची किंमत हळूहळू झिजते, ती वेगळी गोष्ट. पुढे त्यांनी सहकाऱ्यांबरोबर ओडिशात प्रयोग केला. गावात चालू असलेल्या दरापेक्षा कमी दरानं काम देऊ केलं, तेव्हा एकट्यादुकट्याला विचारलं तर बरेच जण तयार झाले. शेजाऱ्यांसमोर विचारलं तर जवळजवळ कुणीच तयार होईना. युनियन नाही, झेंडा नाही, तरी गावाचा रोज फोडायचा नाही हा दंडक पक्का. आपल्या गावांत राहिलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. याचा फायदा ज्याला काम मिळतं त्याला होतो. ज्याला मिळत नाही तो कमी पैशात काम मागू शकत नाही. तो घरी बसतो किंवा गाव सोडतो. बेकारी अशीही तयार होते.

गाव सोडणाऱ्यांच्या दोन वाटा आहेत. एक पुण्याकडे जाते: हडपसर, चाकण, बांधकामं, हॉटेलं, कंपन्यांतली ठेकेदारी. तिथला पगार आणि इथला रोज यांतला फरक खोलीचं भाडं आणि खानावळ वजा करून उरतो किती, एवढाच विचार लोक करतात. तो फरक जितका मोठा, तितका गावात उरलेल्याचा आवाज चढा. बार्शीतल्या रोजाला पुण्यातल्या बांधकामाचा असा आधार असतो. तिकडची कामं २०२० च्या टाळेबंदीत थांबली तेव्हा तो एका आठवड्यात गळाला आणि माणसं परत आली.

दुसरी वाट कोयत्याची. सोलापूर हा राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने असलेला जिल्हा. त्याला लागून असलेला धाराशिव आणि त्याच्या पलीकडचा बीड हे ऊसतोड मजूर पुरवणारे जिल्हे, आणि बार्शी त्यांच्या उंबऱ्यावर. इथला व्यवहार समजून घेतला की मजुरी ‘ठरते’ म्हणजे काय होतं ते स्वच्छ दिसतं. तोडणीचा दर राज्यभर एकच असतो. तो साखर संघ आणि मजूर संघटना यांच्या बैठकीत ठरतो आणि त्याचा करार काही वर्षांसाठी असतो. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ झाली आणि टनामागे २७३ रुपयांवरून तो ३६६ वर गेला. ३४ टक्के हा आकडा मथळ्यात भरघोस दिसतो. आता हिशेब करू. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. त्या दोघांनी पहाटेपासून राबून दिवसाला दोन टन तोडला, मोळ्या बांधल्या, वाहनात भरला असं धरलं, तर ७३२ रुपये होतात; माणशी ३६६. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर २९७ रुपये होता. फरक ६९ रुपयांचा, आणि तो उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत, पोरांची शाळा बुडवून मिळवायचा.

मग माणसं का जातात? कारण मजुरी आधी मिळते. आषाढ-श्रावणात, घरात दाणे नसताना, शाळेची फी, दवाखाना, लग्न अशी देणी अंगावर असताना टोळी जमवणारा मुकादम उचल देतो. त्या दिवसांत ‘नाही’ म्हणणं सगळ्यात अवघड असतं आणि सौदा नेमका तेव्हाच होतो. काम मात्र दिवाळीच्या पुढेमागे सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. कारखान्यांना मजूर कमी पडतात, मुकादम एकमेकांच्या टोळ्या पळवतात, उचल घेऊन टोळी आलीच नाही म्हणून वाहनमालक देशोधडीला लागतात. एवढी टंचाई असताना टनाचा दर आपोआप वर जायला हवा होता. पण टंचाईचा दाब दरात न उतरता उचलीत उतरतो. कोयत्यामागची उचल वर्षागणिक फुगत गेली, दर मात्र बैठकीची वाट पाहत बसला. उचल म्हणजे मजुराला अधिक पैसे मिळाले असं वरवर दिसतं; खरं तर तो पुढच्या सहा महिन्यांचा ‘नाही’ आगाऊ विकून बसलेला असतो. फडात गेल्यावर दुसऱ्या कारखान्यानं जास्त देऊ केलं तरी त्याला हलता येत नाही. हंगामाअखेर उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते. १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा आगाऊ रकमेपोटी अडकवून ठेवलेल्या श्रमाबद्दलच बोलतो. उचलीचा व्यवहार त्या रेषेच्या अलीकडे कुठं संपतो आणि पलीकडे कुठं जातो, हे ठरवायची हिंमत आजवर कुणी फारशी केलेली नाही.

कोयत्यातल्या बाईचा वेगळा हिशेबच नाही. मजुरी जोडीची, उचल नवऱ्याच्या हातात. एक दिवस कामावर आली नाही की खाडा, आणि खाड्याचा दंड दिवसाच्या मजुरीहून जड. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं पाहणी केली. सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. यामागे डॉक्टरांचा लोभ, भीती, अज्ञान अशी अनेक कारणं आहेत. पण ज्या व्यवहारात महिन्यातून चार दिवसांची विश्रांती म्हणजे चार खाडे, तिथं शरीराचाही हिशेब मजुरीच्या भाषेत होऊ लागतो. मजुरीवरच्या चर्चेत हा आकडा आरोग्याच्या खात्यात ढकलून मोकळं होणं मला पटत नाही.

आता कारखाने ऊसतोड यंत्रांकडे वळताहेत. यंत्राची किंमत कोटीच्या आसपास, सरकारचं अनुदान. अरुंद सरी, तुकड्यातुकड्यांची रानं आणि पावसाळी चिखल यांपुढे ते अडतं. पण टोळी पळून जाण्याची कटकट सुटते म्हणून ते महाग असूनही परवडू लागलं आहे.

मजुराला ‘नाही’ म्हणता यावं म्हणून सरकारनं काही करावं, ही कल्पना महाराष्ट्रात जुनी आहे. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती होते. त्यांनी साठच्या दशकात सांगली जिल्ह्यातल्या आपल्या विसापूर भागात मागेल त्याला काम देण्याचा लहानसा प्रयोग करून पाहिला. १९७२ च्या दुष्काळात तो प्रयोग सगळ्या राज्याच्या गळ्यात पडला. सोलापूर जिल्हा त्या दुष्काळात होरपळला. खडी फोडायची, रस्ते करायचे, पाझर तलाव खोदायचे. खायला सुकडी आणि लाल मिलो. मे १९७३ मध्ये राज्यात पन्नास लाखांच्या जवळपास माणसं दुष्काळी कामांवर होती. पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्याचा खर्च भागवायला १९७५ साली व्यवसाय कर बसवला गेला. आजही नोकरदाराच्या पगारपत्रकात महिना दोनशे रुपये कापलेले दिसतात, ते मूळ त्यासाठी. शहरानं खेड्यातल्या मजुराच्या ‘नाही’चा हप्ता भरावा, अशी ही रचना होती आणि ती मला आजही शहाणपणाची वाटते.

हमीचं काम गावापासून जवळ असलं तर शेतमालकाला त्याहून फार कमी दर देता येत नाही. खालची फळी कुठं ठोकली आहे यावर वरचा सौदा ठरतो. स्त्री-पुरुषांना सारखा दर असल्यानं बायका मोठ्या संख्येनं आल्या. रानात खुरपणीला बाईचा रोज गड्याच्या रोजापेक्षा बराच कमी असतो, हे सगळ्यांना माहीत आहे. उलट टोकाचा धडा १९८८ चा. त्या वर्षी किमान वेतन जवळजवळ दुप्पट झालं आणि हमीच्या मजुरीलाही ते लागू झालं. कागदावर मजुराचं भलं झालं. तिजोरी मात्र दुप्पट झाली नव्हती. कामं निघायची कमी झाली, हजेरी घटली, आणि ‘मागेल त्याला काम’ हे ‘मिळेल त्याला काम’ झालं. मार्टिन रॅव्हॅलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मधल्या लेखात हे दाखवून दिलं. यावरून किमान वेतन वाढवलं की रोजगार घटतोच, असा सरसकट नियम काढणारे काढतात. तो चुकीचा आहे. १९९४ मध्ये डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी अमेरिकेतल्या न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियामधली फास्ट फूडची दुकानं ताडून पाहिली; एका राज्यात किमान वेतन वाढलं होतं, शेजारच्या राज्यात नव्हतं, तरी वाढलेल्या ठिकाणी माणसं कमी झाल्याचं दिसलं नाही. कार्ड यांना २०२१ चं नोबेल मिळालं त्यात या कामाचा वाटा होता. मालकांची संख्या थोडी असते, मजुराला दुसरीकडे जाणं कठीण असतं, तिथं मजुरी मुळातच त्याच्या कामाच्या मोलापेक्षा खाली दाबलेली असते. ती काहीशी वर उचलली तर मालकाचं दिवाळं निघत नाही. जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्येच एकट्या खरेदीदाराचं हे गणित मांडलं होतं. हमीचं प्रकरण वेगळं, कारण तिथं मालक सरकार होतं आणि त्याचं अंदाजपत्रक बांधलेलं होतं.

मार्केट यार्डातल्या हमालांनी ‘नाही’ म्हणायची ऐपत तिसऱ्याच मार्गानं मिळवली. १९६९ च्या माथाडी कायद्यानं मंडळं आली. हमाल कुणा एका आडत्याचा नोकर नसतो, म्हणून त्याची जबाबदारी कुणाचीच नव्हती. मंडळाकडे मजुरी आणि वर लेव्ही भरायची, त्यातून भविष्यनिधी, रजा, बोनस अशी ती सोय. अण्णासाहेब पाटील आणि बाबा आढाव यांच्या चळवळींशिवाय हे झालं नसतं. टोळीत नाव असलेल्याला दर मिळतो, बाहेरचा टोळीत सहजासहजी शिरू शकत नाही. याबद्दल व्यापारी कुरकुरतात आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. पण पाठीवर पोतं घेणाऱ्याला म्हातारपणी काहीतरी मिळावं याची दुसरी कुठली तजवीज त्यांनी स्वतः होऊन सुचवल्याचं ऐकिवात नाही.

आणि बार्शीतल्या मिलचं काय झालं? सरकी आणि कापसाच्या व्यापारामुळं बार्शीत गिरण्या आल्या. लोकमान्य मिल, जयशंकर मिल ही नावं जुन्या पिढीच्या तोंडी आहेत. गिरणीत महिन्याचा पगार ठरलेला आणि मंदी आली तर तो कमी करता येत नसे. मग कमी काय होणार? आधी पाळ्या, मग बदली कामगार, शेवटी गिरणीच. १९७४ च्या कायद्यानं देशातल्या १०३ आजारी गिरण्या सरकारच्या झाल्या, त्यात जयशंकर मिल होती. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची बार्शी टेक्स्टाईल मिल म्हणून ती चालू राहिली. महामंडळाच्या बहुतेक गिरण्या मिटल्यानंतरही चालू उरलेल्या २३ गिरण्यांत बार्शीचं नाव होतं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत या सगळ्या थांबल्या आणि पुन्हा नीट सुरू झाल्या नाहीत. कामगार पटावर राहिले, फाटक बंद.

हे कामगार बेकार आहेत का? देशातली बेकारी मोजायची पद्धत १९७० च्या दांतवाला समितीनं घालून दिलेल्या वाटेनं चालते. ज्याची नोकरी पटावर आहे पण काही कारणानं तो कामावर गेलेला नाही, त्याची गणना रोजगारात होते. आठवड्याच्या हिशेबात सात दिवसांत कधीही तासभर काम केलं असेल तरी तो रोजगारातला. बापाच्या रानात बिनपगारी हात लावणारा पदवीधरही रोजगारातला. २०२३-२४ च्या श्रमशक्ती पाहणीत, वर्षभराच्या नेहमीच्या स्थितीप्रमाणे, बेकारीचा दर निघाला ३.२ टक्के. हा आकडा ऐकून कुणी हसतं, कुणी चिडतं. आकडा खोटा नाही. गरिबाला बेकार राहणं परवडत नाही म्हणून तो लहान आहे. काम शोधत घरी बसायला मागे कुणाचा तरी आधार लागतो. म्हणूनच १५ ते २९ वयोगटात हाच दर १०.२ टक्क्यांवर जातो. पोरगा काम शोधत बसू शकतो, कारण बाप कुठलंही काम करतो.

आणि तो अभ्यासिकेत बसतो. बार्शीसारख्या प्रत्येक तालुक्याच्या गावात अभ्यासिका भरलेल्या आहेत, ते या सगळ्याचंच टोक आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांहून अधिक आले. वडीलधारे म्हणतात, पोरांना कष्ट नकोत. जॉन हॅरिस आणि मायकेल टोडारो यांनी १९७० मध्ये मांडलेलं गणित त्यांच्याहून दयाळू आहे: माणूस समोरच्या पगाराकडे पाहत नाही, मिळण्याची शक्यता गुणिले पगार असं पाहतो. सरकारी नोकरी आणि ठेकेदारीतली नोकरी यांच्यातली दरी इतकी रुंद आहे, की दोनशेत एक शक्यता असली तरी वर्ष-दोन वर्षं लावून पाहावीशी वाटतात. त्या दरम्यान आलेल्या प्रत्येक लहान नोकरीला तो ‘नाही’ म्हणतो. त्याचं हे ‘नाही’ घरची तीन-चार एकर, आईची खुरपणी आणि थोरल्या भावाचा पुण्यातला पगार यांवर उभं असतं. खुल्या गटात वयाची मर्यादा ३८ आणि मागास प्रवर्गांसाठी ४३ वर्षांची. ती गाठेपर्यंत भावाचं लग्न झालेलं असतं, त्याचं स्वतःचं रखडलेलं असतं, आणि चाकणच्या ठेकेदाराला बावीस वर्षांचा आयटीआय झालेला मुलगा हवा असतो.